वकीलसाहेबांचं अर्धं राहिलेलं बोलणं

वकीलसाहेब गेल्याची बातमी माझ्या बापानं आणली. बाप पुलगावला सहसा येत नाही. गिरणीच्या भोंग्यानं त्याचं डोकं उठतं आणि माझ्या भाड्याच्या खोलीत त्याचा जीव रमत नाही. त्या दिवशी मी वर्गात भागाकार शिकवत होतो. फळ्याकडून वळून पाहिलं, तर दाराशी तो उभा. धोतरावर रस्त्याची धूळ, हातात काठी, डोक्याचं मुंडासं सोडून खांद्यावर टाकलेलं. मी बाहेर आलो. “वकील गेला,” तो म्हणाला. “कोणता वकील?” मी विचारलं. खरं तर मला पहिल्याच शब्दाला कळलं होतं... तरी विचारलं. बाप माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आपला.”

त्या एका शब्दाचा मला राग आला. आर्वीचे नारायणराव उमाळकर वकील ‘आपले’ कधीपासून झाले? एकेकाळी माझे होते, हे खरं. पण वर्ष उलटून गेलं, मी त्यांच्या घराची पायरी चढलो नव्हतो, आणि चढलो नव्हतो तो या बापापायीच. वकीलसाहेबांच्या बोलण्यानं ज्याच्या घराचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं, तोच माणूस मैलोन् मैल तुडवत मला सांगायला आला होता की आपला वकील गेला. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी ‘तुम्ही त्यांच्या जवळचे, तेव्हा चार शब्द लिहा’ असं म्हटल्यापासून मी हाच शब्द चघळत बसलो आहे. गोडगोड मला लिहिता येणार नाही. ते ऐकायचं असेल, तर कोर्टात वकिलांच्या बाररूममध्ये शोकसभा झाली, तिथं सगळं ऐकवून झालं आहे.

मी आर्वीला शिकत होतो तेव्हा रविवारी दुपारी त्यांच्याकडे बैठक भरायची. कोर्टाच्या मागच्या गल्लीत घर. पुढच्या खोलीत एक निळी सतरंजी, भिंतीला पुस्तकांची दोन कपाटं आणि एकच वेताची आरामखुर्ची. गावात त्यांना ‘मवाळ’ म्हणत, आणि तो शब्द शिवीसारखाच वापरत. जुन्या मवाळांचा पक्ष केव्हाच संपला होता. हा एक माणूस मात्र ते दुकान उघडं ठेवून बसला होता. स्वतःला ते उदारमतवादी म्हणवत. वर्धा जिल्ह्यात राहून, जिथं जावईसुद्धा मांडवात सूत कातून दाखवी, तिथं हे गिरणीचं मलमल अंगात घालून भर बाजारातून फिरत. कोणी टोकलं तर म्हणत, “तुम्हाला खादी घालायची मोकळीक आहे ना? मग तीच मोकळीक मी वापरतोय.” धान्याच्या जिल्हाबंदीवर, परमिटावर, लायसनवर त्यांचा भयंकर राग. ते म्हणत, एका जिल्ह्यातली ज्वारी दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला साहेबाची सही लागत असेल, तर उद्या तोंड उघडायलाही लागेल. त्यामुळे लोक त्यांना शेठजींचा वकील म्हणत. आणि पुलगावच्या लाल बावट्यावाल्या एका कामगाराला खटला न चालवता डांबून ठेवलं, तेव्हा त्याच्यासाठी फुकट धावपळ करणारे हेच. कामगार सुटून आला तो यांच्याच खोलीत बसून यांनाच भांडवलदारांचा हस्तक म्हणून गेला. वकीलसाहेब खूश! “बघा,” म्हणाले, “यासाठीच सोडवला.”

या बैठकीला एक नियम होता, आणि ही सगळी कथा त्या नियमाचीच आहे. कोणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. तेही असं, की मूळ माणसानं मान डोलवून ‘हो, हेच’ म्हटलं पाहिजे. तो ‘हो’ मिळेपर्यंत स्वतःचा एक शब्द बोलायचा नाही. आणि ज्याचं म्हणणं मांडलं जात असेल, त्यानं तेवढा वेळ वेताच्या खुर्चीत बसायचं. बाकी सगळे, वकीलसाहेब धरून, खाली सतरंजीवर.

मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो तो दिवस आठवतो. मी महाराचा पोर, बैठकीला येऊ लागलो तेव्हा दारालगत बसायचो. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी बोललो. म्हटलं, गावाचा कारभार गावाच्या हाती द्या म्हणता, पण आम्हाला गावापेक्षा कलेक्टर बरा. तो निदान लांब असतो. खोलीत गडबड उडाली. एका मोठ्या घरच्या खादीधारी तरुणाला ते खोडायचं होतं. वकीलसाहेब उठले, मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि त्याला म्हणाले, “चल, आधी याचं सांग.” त्यानं सांगितलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, “नाई, असं नाई म्हटलं म्या.” त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. त्याला घाम फुटला. शेवटी तो खालून वर माझ्याकडे बघत म्हणाला, “तुझं म्हणणं असं ना, की ओळखीच्या माणसाचा जुलूम अनोळखी माणसाच्या जुलमापेक्षा वाईट, कारण त्यातून सुटका नसते?” मी ‘हो’ म्हटलं आणि मला रडू आलं. मला स्वतःला ते इतकं नीट सांगता आलं नसतं. मग त्यानं ते खोडलं, बऱ्यापैकी खोडलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

उदारमतवादाचा इतिहास त्यांनी मला त्या सतरंजीवर शिकवला. युरोपात माणसं धर्मापायी एकमेकांचे गळे कापून कापून थकली आणि त्या थकव्यातून, माणसाच्या श्रद्धेवर राजाची सत्ता चालू नये, हा विचार निघाला. मग धंदा कोणी करावा हे ठरवणारे संघ मोडले. इंग्लंडात जमीनदारांच्या फायद्याची धान्यावरची जकात लोकांनी उठवायला लावली. हे सांगताना त्यांचे हात हलायचे, चष्मा नाकावर घसरायचा. पण ते ज्यावर पुन्हा पुन्हा येत ती गोष्ट एकच : जुन्या जगात माणूस काय करणार हे त्याच्या जन्मानं ठरायचं, नव्या जगात ते त्यानं स्वतः कबूल केलेल्या करारानं ठरावं. मी ते ऐकायचो आणि मला माझा बाप दिसायचा. कवडू महार : गावचा सांगावा पोचवणारा, मेलेली ढोरं ओढणारा. कोणता करार केला होता त्यानं, आणि कोणाशी? मला वाटायचं, हे सात समुद्रापलीकडचे लोक आमच्या रोहण्याजवळच्या खेड्याविषयीच बोलून राहिले आहेत.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. बापही आला होता, पांढरं धोतर नेसून. परत आल्यावर थोड्याच दिवसांत पाटलाच्या गोठ्यात बैल मेला आणि बोलावणं आलं. बाप दारातच म्हणाला, “आता हे काम आमचं नाई.” एवढंच. मी आर्वीला जाऊन हे सांगितलं, तर वकीलसाहेब खोलीत येरझारा घालायला लागले. “अरे, जो करार त्यानं कधी केलाच नव्हता तो त्यानं एका वाक्यात मोडला! आम्ही जन्मभर पुस्तकं वाचली, सुखदेव... केलं ते तुझ्या बापानं.” काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सगळ्यांना शिरा केला. त्या शिऱ्याची चव अजून जिभेवर आहे, म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

गावानं आमच्या वस्तीशी व्यवहार बंद केला. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. शेतावर कामाला बोलावणं बंद झालं. बाप जे शेत बटाईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायचा ते मालकानं काढून घेतलं. किराणा दुकानदार मीठ देईना आणि चक्कीवाला ज्वारी दळेना. आईनं माळ्यावरचं जुनं जातं खाली काढलं. मी वकीलसाहेबांना म्हटलं, तुम्ही या, गावाला समजवा, ते तुमचा मान ठेवतात. ते लगेच आले. पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीनं रोहण्याला उतरले आणि तिथून उन्हात चालत. चावडीवर सगळं गाव जमलं होतं. आम्ही खालच्या अंगाला उभे होतो, बाप काठीवर दोन्ही हात ठेवून.

वकीलसाहेब उभे राहिले आणि त्यांनी आपला नियम पाळला. जणू आर्वीची ती खोलीच आहे! म्हणाले, “आधी गावाचं म्हणणं काय आहे ते मी सांगतो. शेत ज्याचं, त्यानं कामावर कोणाला घ्यावं ही त्याची मर्जी. दुकान ज्याचं, त्यानं माल कोणाला द्यावा ही त्याची मर्जी. या लोकांनी काम सोडताना तुम्हाला विचारलं नाही. मग तुम्ही व्यवहार सोडताना यांना का विचारावं? तुम्ही कोणाच्या अंगाला हात लावलेला नाही. ते जसे मोकळे, तसे तुम्हीही मोकळे.” गावातल्या कोणालाही हे इतकं चांगलं मांडता आलं नसतं. आणि वर त्यांनी विचारलं, “हेच ना तुमचं म्हणणं?”

“हेच! हेच!” सारी चावडी ओरडली. असा ‘हो’ त्यांना आयुष्यात कधी मिळाला नसेल. पाटील उठून उभा राहिला. “आयकलं ना सर्व्यायनं? साहेब कायद्याचे मानूस हायेत. त्यायनंच सांगतलं, ज्याची त्याची मर्जी. आता काई बोलाचंच नाई राह्यलं.” आणि लोक उठले. ढोरं घरी यायची वेळ झाली होती, पाणी दाखवायचं होतं, धारा काढायच्या होत्या. वकीलसाहेब हात वर करून म्हणत होते, “थांबा, अजून माझं झालं नाही... अहो, हे तुमचं झालं, माझं राहिलंय...” पाटलानं त्यांना हात जोडले. “साहेब, आता घरी चाला चहा घ्याले.”

ते चहाला गेले नाहीत. रिकाम्या चावडीत आमच्यासमोर त्यांनी राहिलेलं अर्धं बोलून टाकलं. दुसऱ्या कोणी ऐकलं नाही, म्हणून आज इथं लिहितो. ते म्हणाले, मर्जी तेव्हाच मर्जी, जेव्हा समोरच्या माणसाला जायला दुसरं दार असतं. गावात दुकान एक, चक्की एक, आणि सगळे एकाच दिवशी एकाच सुरात नाही म्हणतात, तेव्हा ती प्रत्येकाची मर्जी नसते, तो हुकूम असतो. उद्या एखादा दुकानदार म्हणाला, मला मीठ विकायचंय, तर गाव त्याला विकू देईल का? मग कसला तो मोकळा? ज्या परमिटांवर मी जन्मभर ओरडलो, त्यांतलं सगळ्यांत जुनं परमिट जात हे आहे. त्याच्यावर कोणत्याही सरकारची सही नाही, एवढंच. शिवाय नवा कायदाही झाला आहे, अस्पृश्यता पाळून माल नाकारणं हा गुन्हा आहे... ते बोलत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो. आम्हाला त्यातलं एक अक्षरही सांगायची गरज नव्हती. मग गाडीची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी आई मिठाला गेली. दुकानदार हसून म्हणाला, “काऊन आली व बाई? तुमच्याच वकिलानं सांगतलं ना, ज्याची त्याची मर्जी?” चक्कीवर तेच, शेतावर तेच. आधी निदान त्यांना थोडं चोरट्यासारखं वाटायचं; एखादी म्हातारी अंधारात ताक आणून द्यायची. आता तेही बंद झालं, कारण आता त्यांच्या बाजूनं वकील होता. मी तक्रार करायला लावली, तर चौकशीला आलेल्या जमादारापुढं जो तो वकीलसाहेबांचंच भाषण म्हणून दाखवी. जातीचं नाव कोणी काढलं नाही. ज्याची त्याची मर्जी! त्या उन्हाळ्यात निम्मी वस्ती उठून नागपूरच्या गिरण्यांकडं गेली. माझा चुलता चिंधू आपल्या घराच्या दाराची चौकट काढून बैलगाडीत घालून घेऊन गेला. बाप हलला नाही. मी म्हटलं, माझ्याकडे चला. तो म्हणाला, “मी गेलो तं त्यायचंच खरं होते.”

मी आर्वीला गेलो. वकीलसाहेब एकटेच होते, चेहरा उतरलेला. म्हणाले, “सुखदेव, माझी चूक क्रमाची झाली. आधी आपलं बोलायला हवं होतं.” मला तो क्रम शब्द फार लागला. आई जातं ओढता ओढता हात सुजवून बसली होती आणि हे क्रम सांगत होते. मी म्हटलं, “साहेब, दुसऱ्याची बाजू समजून घ्यायची चैन ज्याला परवडते त्यानं करावी.” त्यांनी सवयीनं खुर्चीकडे हात केला... माझं म्हणणं ते मांडणार होते. मी बसलो नाही. तसाच बाहेर पडलो, तो शेवटचा.

हे सगळं माहीत असून बाप ‘आपला’ म्हणाला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला खोलीवर नेलं, चहा दिला आणि विचारलं, “बाबा, त्या मानसानं आपलं घर बुडवलं. तो आपला कसा?” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या वर्षभरात वकीलसाहेब बापाकडे येत होते. छोट्या गाडीनं यायचे, चालत वस्तीवर जायचे, बापाला बाजेवर बसवायचे आणि स्वतः खाली ओट्यावर बसायचे. गावानं पाहिलं तरी त्यांना फिकीर नव्हती. बसायचे आणि बापाचं म्हणणं मांडायचे.

“पयल्या खेपेले म्हने, कवडूजी, तुमचं म्हननं असं, का जन्मानं लादलेलं काम मानसानं काऊन करावं. म्या म्हटलं, नाई. मंग एकडाव आला, म्हने, गावानं एकी करून तुमचा रस्ता बंद केला, हा जुलूम हाय. म्या म्हटलं, खरं हाय साहेब, पन मले हे नाई म्हनाचं. तो आपला जाये अन् पुन्हा ये. दमा होता त्याले, चालून आला का बोलता येत नव्हतं.”

“मंग?”

बापानं बशीतला चहा संपवला. “पोयाच्या सनाआधी आलता. बसला. म्हने, कवडूजी, मी बोललो अन् सांजच्या गाडीनं घरी गेलो. तुमी तिथंच राह्यले. त्यायची बाजू म्या आधी मांडली, काऊन का मले टाइम होता. तुमाले नव्हता.” बापानं बशी खाली ठेवली. “म्या म्हटलं, हा साहेब. हेच.”

“अन् तुमी माफ केलं त्याले?”

“माफीचं कोन बोललं? तो माह्यं म्हननं न्याले येत होता. शेवटी बरोबर घेऊन गेला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “माह्या साऱ्या जिंदगीत कोनं विचारलं होतं रे मले, हेच ना तुमचं म्हननं म्हनून?”

  बाप म्हणतो ते खरं, आणि आईचे सुजलेले हातही खरे. चिंधूकाकाच्या घराला आज दार नाही, तिथं शेजारच्यांची शेरडं शिरतात. एका चांगल्या माणसाच्या चांगल्या सवयीनं हे झालं, आणि त्या सवयीनंच माझ्या बापाला माणसासारखं विचारलं. या दोन गोष्टी मी रोज मनात शेजारी शेजारी ठेवतो, पण त्यांचा हिशेब लागत नाही. आणि खरं सांगायचं तर मला हेवाही वाटला. त्यांनी बापाचा ‘हो’ मिळवला, माझा राहून गेला. एकदा बसलो असतो त्या खुर्चीत... असो.

परवा आर्वीला गेलो. काकूंनी दार उघडलं. बाजूला झाल्या. खोली तशीच होती. निळी सतरंजी अंथरलेली, खुर्ची आपल्या जागी. तिच्या एका हाताचं वेत उसवलेलं, ते सुतळीनं बांधलेलं. काकू म्हणाल्या, “बस ना. खुर्चीत बस, आता कोण बसतंय!” मी सतरंजीवर बसलो, खुर्चीकडे तोंड करून. आणि मला जमेल तेवढ्या चांगल्या रीतीनं मी वकीलसाहेबांचं म्हणणं मांडलं. म्हटलं, तुमचं म्हणणं असं, की ज्या दिवशी आपण समोरच्याचं न ऐकता त्याला खोडायला लागू, त्या दिवशी आपणही चावडीच होऊ. गावाची बाजू तुम्ही मांडली ती गावासाठी नव्हे. गावानं एकदा तरी आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं आणि स्वतःच शरमावं, म्हणून मांडली. तुम्हाला वाटलं होतं, ते थांबतील. माणूस उरलेलं ऐकायला थांबतो, यावर तुमचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाची किंमत दुसऱ्यांनी भरली, हे तुम्हाला कळलं होतं.  काकू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या, पदर तोंडाशी धरून.

 बाहेर कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग काकू हळूच म्हणाल्या, “त्यांचं झालं. आता तुझं सांग ना.”

मी खुर्चीकडे बघत होतो.

“काकू,” मी म्हटलं, “अजून ते हो म्हणाले नाहीत.”